‘डोळे पाणावले’ असं न लिहिता वाचकाचे डोळे कसे पाणावतात?

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनकट्ट्याचा एक छोटासा दिवाळी अंक निघतो. छापील नाही, पीडीएफच. पण रावेर-यावलपासून साक्री-शिरपूरपर्यंतच्या गावांतून कथा येतात आणि पहिली चाळणी लावायचं काम माझ्याकडे असतं. यंदाच्या गठ्ठ्यातली काही वाक्यं देतो. लेखकांची नावं अर्थातच देत नाही, वाक्यंही जराशी बदलली आहेत.

‘तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.’ ‘त्याच्या काळजात चर्र झालं.’ ‘पायाखालची जमीन सरकली.’ ‘अश्रू अनावर झाले.’ ‘मनात भावनांचा कल्लोळ उठला.’

एका कथेत तर जमीन इतक्या वेळा सरकते की शेवटी भूकंपमापन केंद्राला कळवावंसं वाटलं.

चेष्टा पुरे. ही माणसं खोटं लिहीत नाहीत. बहुतेकांनी भोगलेलं असतं आणि कथेसोबत पाठवलेल्या पत्रात ते तसं सांगतातही. गंमत अशी की पत्र वाचताना मला गलबलून येतं आणि कथा वाचताना काहीच होत नाही. पत्रात एकाने लिहिलंय, ‘काका गेले त्या वर्षी कापसाला चांगला भाव होता.’ कथेत त्याच जागी आहे, ‘नियतीने त्या सुखी कुटुंबावर क्रूर घाला घातला.’

आता हे वाचा:

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू
रेखा उघडी पडली

असोद्यात जन्मलेल्या, जळगावात नांदलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाईंच्या (१८८०–१९५१) या ओळी. विधवा झालेली बाई बोलते आहे. दुःख, शोक, वेदना, आसू यांपैकी एकही शब्द इथे नाही. कुंकू पुसलं गेलं आणि खाली जे होतं ते दिसलं, एवढंच घडतं.

तर माझा प्रश्न असा: लिहिणारा भाषेतून भावना पोचवतो म्हणजे नेमकं काय करतो? शब्दाच्या, वाक्याच्या, व्याकरणाच्या पातळीवर बोला. ‘मनापासून लिहा’ असं कृपया सांगू नका. सगळे मनापासूनच लिहितात, तीच तर अडचण आहे.

खापरपुरी (चोपडा)

मस्त विषय. तूर्त रुमाल टाकून ठेवते, रात्री निवांत लिहीन.

मास्तर_अमळनेर

तापीकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे फार पूर्वीच देऊन ठेवलंय, आपण ते एम.ए.च्या पेपरापुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं.

भरताने ‘नाट्यशास्त्रा’त सांगितलं की विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निपजतो. विभाव म्हणजे भावनेचं कारण आणि आसमंत. अनुभाव म्हणजे ती अंगावर दिसते ते: घाम, थरथर, आवाज चिरकणं. व्यभिचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे भाव, त्यांची संख्या ३३ दिली आहे. आणि मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रसाच्या दोषांची यादी केली, तिच्यात पहिलाच दोष कोणता? भावाचं किंवा रसाचं थेट नाव घेणं. ‘तो शोकाकुल झाला’ म्हटल्याने वाचकाला करुण रसाचा थेंबही मिळत नाही.

आता तुमच्या गठ्ठ्यातली वाक्यं पाहा. डोळ्यांत पाणी, काळजात चर्र, थरकाप. हे सगळे अनुभाव आहेत, ‘अश्रू’ तर आठ सात्त्विक भावांत मोजलेलाच आहे. म्हणजे तुमच्या लेखकांनी अनुभाव भरपूर दिला आणि विभाव दिलाच नाही. पात्र रडतंय हे आपल्याला दिसतं, ते कशाकडे पाहून रडतंय ते दिसत नाही. मग आपण परक्या माणसाच्या मयताला गेल्यासारखे हात जोडून उभे राहतो.

‘कापसाला चांगला भाव होता’ हा विभाव आहे. पैसा घरात यायचा होता आणि माणूस गेला. ‘चांगला’ या शब्दानेच तिथे घात केलाय.

आणखी एक. शोक वेगळा आणि करुण वेगळा. शोक ज्याचा त्याचा असतो, तो घरात बसून सोसायचा. करुण वाचकाला होतो आणि त्यात एक चव असते, म्हणून तर आपण दुःखाची कथा पुन्हा वाचतो. स्वतःचा शोक जसाच्या तसा कागदावर ओतला म्हणजे वाचकाला करुण मिळेल, हा समज सोडायला हवा.

फैजपूरकर

मास्तरांना दंडवत. थोडी भर घालतो.

आमच्या फैजपूरचं नाव निघालं की लोकांना १९३६ चं काँग्रेसचं अधिवेशन आठवतं. पण बा. सी. मर्ढेकर १ डिसेंबर १९०९ ला फैजपूरलाच जन्मले. त्यांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ या पुस्तकात (१९४१) ‘भावनानिष्ठ समतानता’ असं भारदस्त नाव देऊन एक साधी गोष्ट सांगितली आहे. दोन वस्तू दिसायला सारख्या नसल्या तरी त्या मनात एकच भावना जागवत असतील, तर कवीने त्या शेजारी ठेवाव्यात. जोडणारा धागा डोळ्याचा नसून भावनेचा असतो.

बहिणाबाईंचंच घ्या. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’. संसार आणि तवा यांत दिसण्यासारखं साम्य काय? काही नाही. पण ‘आधी हाताला चटके, तंव्हा मिळते भाकर’ आलं की दोन्ही एकाच ठिकाणी भाजतात. त्याच ‘संसाररूपी सागर’ म्हणाल्या असत्या तर? सागर आपल्यापैकी कितीजणांनी पाहिलाय हो, तापीकाठी राहून!

मर्ढेकरांनी स्वतः काय केलं तेही बघा. ‘पिपात मेले ओल्या उंदिर, माना पडल्या, मुरगळल्याविण’. पंचनाम्याची भाषा आहे ही. मेले, पडल्या. कवी बाजूला उभा राहून नोंद करतोय आणि आपल्यालाच कसंतरी होतं.

सध्या_पुण्यात (मूळ गाव शहादा)

मी जरा उलट बोलतो. रागावू नका.

‘भावनेचं नाव घेऊ नका, वस्तू दाखवा’ हा आता लेखन कार्यशाळांचा मंत्र झालाय. पैसे भरून बसा, पहिल्या तासाला हेच. परिणाम असा की आजच्या निम्म्या मराठी कथांत कुणीच काही बोलत नाही, सगळे खिडकीबाहेर बघत असतात.

बालकवी आपल्याच धरणगावचे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ म्हटलं गेलं, आणि १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वयाच्या २८व्या वर्षी. त्यांची ही ओळ पाहा: ‘कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला’. भावनेचं नाव थेट घेतलंय. हृदयही आहे. मम्मटाच्या हिशेबाने दोन गुण कापा! तरी ही ओळ शंभर वर्षं लोकांच्या तोंडी आहे. ‘श्रावणमासी हर्ष मानसी’ तर सुरुवातच ‘हर्ष’ने होते.

आणि साने गुरुजी? अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये मास्तरकी केलेला माणूस, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहितो. पानोपानी डोळे भरून येतात, गळा दाटतो. नाकं मुरडणाऱ्यांनी ‘रडकं’ म्हणून नाकं मुरडली. वाचणारे वाचत राहिले आणि रडत राहिले. त्याचं काय करायचं?

मास्तर_अमळनेर

@सध्या_पुण्यात, अमळनेरात राहून गुरुजींविरुद्ध बोलायची माझी छाती नाही. पण नीट बघा. श्यामची आंघोळ झालेली आहे, ओल्या पायांना माती लागेल म्हणून तो हटून बसतो, आणि आई दगडावर आपलं लुगडं पसरते. हे आधी घडतं. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप, हे ती त्यानंतर म्हणते. उपदेश पोचतो तो त्या पसरलेल्या ओल्या लुगड्यावरून चालत. नुसता उपदेश चौथीच्या पुस्तकात असता तर पोरांनी पान उलटलं असतं.

दुसरं, ते पुस्तक ‘रात्रीं’मध्ये सांगितलेलं आहे. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना बोलून सांगतो. समोर माणसं बसलीत. बोलणाऱ्याने ‘मला रडू येतं’ म्हटलं की आपण त्याचा चेहरा बघतो. छापील निवेदकाने ‘त्याला रडू आलं’ म्हटलं की बघायला चेहरा नसतो.

सध्या_पुण्यात

हे पटलं. म्हणजे नाव घ्यायला बंदी नाही, कोण घेतंय आणि केव्हा, हा मुद्दा. तुकोबांचंही तसंच: ‘कन्या सासुर्‍यासी जाये, मागें परतोनी पाहे’ हे आधी. मग ‘तैसें जालें माझ्या जिवा’. पहिलं चित्र नसतं तर ‘माझ्या जिवा’चं आपल्याला काय पडलं होतं?

पांझरा (धुळे)

सासरी जाणारी मुलगी निघालीच आहे तर आखाजीकडे या.

बाहेरच्या वाचकांसाठी: आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खान्देशात हा सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाला झोके बांधतात, घरात आमरस-पुरणपोळी आणि सांजोऱ्या. (पुरुष पत्ते कुटतात, ते सोडा.) झोक्यावरचं एक गाणं आहे, गावागणिक शब्द थोडे बदलतात:

आथानी कैरी, तथानी कैरी, कैरी झोका खाय वं
कैरी तुटनी, खडक फुटना, झुय झुय पानी व्हाय वं

इकडची कैरी, तिकडची कैरी, कैरी झोका खाते. कैरी तुटली, खडक फुटला, झुळझुळ पाणी वाहतं. बस. यात माहेर हा शब्द नाही, सासर नाही. माझी आई हे गाणं हसत हसत सुरू करते आणि ‘तुटनी’पाशी तिचा आवाज जातो. दरवर्षी. कैरी कोण, खडक कोण, पाणी कसलं, हे तिला कुणी समजावलेलं नाही आणि मी विचारायला गेलो तर म्हणेल, ‘गानं शे ते, गानं म्हन.’

आणि ‘झुय झुय’ तोंडात घोळवून बघा. ‘वाहते’ म्हणून ते होत नाही.

केळीवाला_रावेर

मी लेखक नाही, इथे वाचायला येतो. पण मास्तरांचं विभाव-अनुभाव वाचून एक सांगावंसं वाटलं.

आमच्याकडे मे-जूनच्या वादळात केळी आडवी होते. निसवलेली बाग, घड भरत आलेले, आणि अर्ध्या तासात सगळं जमिनीवर. दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेलं वाक्य येतं: ‘बळीराजा हवालदिल’, ‘तोंडचा घास हिरावला’. वाचलं की मला कुणा दुसऱ्याच माणसाबद्दल लिहिल्यासारखं वाटतं.

बाग पडली तेव्हा मी हवालदिल वगैरे नव्हतो. पडलेल्या खोडांवरचे घड उचलून बघत होतो, कोणता भरलाय, कोणता पोचट. कटाईला माणसं मिळतील का ते विचारत होतो. व्यापाऱ्याला फोन लावला, त्याने उचलला नाही. उचलणारही नव्हता, मला माहीत होतं, तरी लावला. रडू नंतर आलं, ठिबकच्या नळ्या गुंडाळताना. नळ्या गुंडाळायच्या म्हणजे त्या बागेला आता पाणी द्यायचं नाही. त्या वेळी कोणी फोटो काढायला आलेलं नव्हतं.

लेखकांनी नळ्यांपाशी यावं एवढंच म्हणणं आहे. बांधावर उभं राहून ‘बळीराजा’ म्हणू नये.

खापरपुरी (चोपडा)

केळीवाले भाऊ, तुम्ही ‘लेखक नाही’ म्हणू नका हो. ‘मला माहीत होतं, तरी लावला’ हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय.

रुमाल उचलते. मला बालकवींच्या ‘औदुंबर’बद्दल लिहायचं होतं. आठच ओळींची कविता. शाळेत निसर्गवर्णन म्हणून शिकवतात. पण फक्त रंग मोजत जा. पहिल्या ओळीत ‘हिरवाळी’. दुसरीत ‘निळासांवळा’ झरा. चौथीत शेतमळ्यांची ‘हिरवी गर्दी’. पाचवीत पायवाट ‘पांढरी’. सहावीत ती हिरव्या कुरणातून निघते आणि जाते कुठे? ‘काळ्या डोहाकडे’. सातवीत ‘काळिमा’ लाटांवर पसरतो. आठवीत झाड.

म्हणजे आपण हिरव्यात शिरलो आणि आपल्याला न कळता काळ्यात येऊन थांबलो. चार घरांचं गाव मागे राहिलं. वाटेत कवीने कुठेही ‘मला भीती वाटली’, ‘उदास वाटलं’ म्हटलं नाही. संपूर्ण कवितेत मनाच्या बाजूने झुकणारा शब्द मला एकच दिसतो, ‘गोड’. आणि तो कशाला लावलाय? काळिम्याला! ‘गोड काळिमा’. आठ ओळींतला सगळा विक्षिप्तपणा त्या दोन शब्दांत बसलाय. मग ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’. तो ‘असला’ काय करतोय तिथे? बोटाने दाखवल्यासारखा. बघा, असा. वर काही सांगायचं नाही.

@सध्या_पुण्यात, ‘उदासीनता’ आणि ‘औदुंबर’ एकाच माणसाच्या. एकीत नाव घेतलं, दुसरीत घेतलं नाही. मला दोन्ही आवडतात, पण रात्री एकटीने वाचायला मी ‘औदुंबर’ घेणार नाही.

फैजपूरकर

‘गोड काळिमा’!! इतक्या वेळा वाचूनही हे लक्षात आलं नव्हतं. जियो.

लेवाची_लेक (जळगाव)

सगळे शब्दांवर बोलताहेत, लयीवर कोणीच नाही.

तापीकाठ यांनी दिलेल्या चार ओळी बोटावर मोजा. ल-पे-क-र-मा-ची-रे-खा, आठ. पुढची आठ. चारही ओळी आठ-आठ अक्षरांच्या. ‘मन वढाय वढाय’ आठ, ‘उभ्या पिकातलं ढोर’ आठ. बहिणाबाईंनी हे मोजून केलं नाही, जात्याने मोजून दिलं. दळताना खुंटा फिरतो तसा श्वास फिरतो आणि ओळ तेवढीच होते.

याचा भावनेशी काय संबंध? माझी आजी असोद्याच्या बाजूचीच. तिच्या पिढीत बाईला रडायला स्वतंत्र वेळ नव्हता. रडायचं तर कामात. त्यामुळे गाण्यात हुंदका आला तरी जातं थांबत नाही, ओळ नवव्या अक्षराला जात नाही. ‘पुशीसनी गेलं कुंकू’ ही ओळ इतर ओळींइतकीच लांब आहे, एका अक्षरानेही जास्त नाही. मला त्या ओळींत सगळ्यात जास्त हेच टोचतं. कपाळ उघडं पडलं आणि दळण चालू आहे.

म्हणून गद्य लिहिणाऱ्यांना सांगणं: दुःखाचा प्रसंग आला की तुमची वाक्यं एकदम लांब होतात, विशेषणं रांगेने उभी राहतात, शेवटी तीन टिंबं येतात. ती टिंबं काढा आधी. लेखकाला पुढे सुचलं नाही की टिंबं येतात.

अवांतर: आचार्य अत्र्यांनी ही गाणी १९५२ साली छापून आणली म्हणून आपल्यापर्यंत आली. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी उतरवून ठेवली नसती तर तीही दळणाबरोबर गेली असती.

कोर्टाची_पायरी (पाचोरा)

मी वकिलांकडे टायपिंगचं काम करतो. साहित्यातलं फार कळत नाही, पण ‘व्याकरणाच्या पातळीवर’ असं विचारलंय म्हणून लिहितो.

दोन भावांची शेताची वाटणी. मोठ्याला धाकटा जन्मभर ‘भाऊ, तू’ म्हणत आलेला. तारखेला दोघे कोर्टाच्या व्हरांड्यात, मध्ये दोन हातांचं अंतर. दुपार झाली. मोठा न राहवून म्हणाला, ‘जेवलास का?’ धाकटा म्हणाला, ‘तुम्ही जेवून घ्या.’

एवढंच. आवाज चढला नाही, शिवी नाही. पण मोठ्याने डब्याची पिशवी पुन्हा सायकलच्या हँडलला अडकवली. ‘तू’चा ‘तुम्ही’ झाला, त्यात आदर किती आणि काय किती, ते तिथे उभ्या असलेल्या शिपायालाही कळलं.

मराठीत हे एका क्रियापदाच्या शेपटीत होतं. कथाकार ते वापरत नाहीत, त्याऐवजी ‘दोन भावांत दुराव्याची भिंत उभी राहिली’ असं काहीतरी लिहितात.

पांझरा (धुळे)

बाप रे. हा प्रतिसाद म्हणजे अख्खी कथा आहे.

यात अहिराणीची एक गोची सांगतो. आमच्या घरात आई-बापालाही सर्रास ‘तू’च. ‘जेवना का?’ एवढाच प्रश्न, बाप असो की पोरगा. त्यामुळे हा भावांचा प्रसंग मी अहिराणीत लिहिला तर धाकट्याला ‘तुम्ही’ म्हणायला प्रमाण मराठीत यावं लागेल. आणि तो तसा आला की आणखीच लागेल! भावाशी घरची बोली सोडून कोर्टाची भाषा बोलतो म्हणजे संपलंच.

बोली वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. बरेच जण निवेदन शुद्ध मराठीत ठेवतात आणि रडणारी आजी तेवढी अहिराणीत बोलते. बोली म्हणजे रडायचा रुमाल नव्हे. आमच्याकडे हिशेब, राजकारण, टवाळी सगळं अहिराणीतच चालतं.

तापीकाठ (भुसावळ)

एवढे भारी प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आता प्रयोग करू. एका कथेतला (लेखकाने परवानगी दिलीय) हा उतारा:

‘आबांच्या निधनाने घरावर दुःखाचा डोंगर कोसळला. आजीचं विश्वच उद्ध्वस्त झालं. तिच्या अश्रूंना खळ नव्हता. आबांच्या आठवणींनी ती रात्ररात्र तळमळत असे.’

कोण हात घालतं?

खापरपुरी (चोपडा)

‘आजीने सकाळी सवयीने दोन कप चहा टाकला. गाळताना तिच्या लक्षात आलं.’

सध्या_पुण्यात

नको! हा दोन कपांचा चहा प्रत्येक दिवाळी अंकात उकळतोय. सोबत खुंटीवरचा सदरा, रिकामी आरामखुर्ची आणि काच तडकलेला चष्मा. ‘वस्तू दाखवा’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकाच दुकानातून वस्तू आणल्या. हीसुद्धा ‘जमीन सरकली’चीच बहीण आहे, नेसायला जरा बरं लुगडं दिलंय एवढंच.

खापरपुरी (चोपडा)

लागलं, पण खरंय. चहा ओतून टाकते.

केळीवाला_रावेर

मी करू का?

‘त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. बाराच्या सुमारास लाईट आली आणि ऑटोवर मळ्यातली मोटर सुरू झाली. आजी उठली. खुंटीवरची बॅटरी काढली, पेटते का बघितली आणि आबांच्या खाटेच्या उशाशी नेऊन ठेवली. मग आपल्या जागी येऊन पडली. पाणी केळीत गेलं की नाल्यात, कोणी पाहिलं नाही.’

लेवाची_लेक (जळगाव)

‘पेटते का बघितली’ इथे मी गेले.

शेवटचं वाक्य काढावं का? ‘येऊन पडली’वर थांबलं तर?

केळीवाला_रावेर

नाही ताई, ते राहू द्या. रात्री मोटर चालू झाली आणि बारं (पाण्याची पाळी) बघायला कोणी गेलं नाही, तर शेतकऱ्याला पहिली चिंता तीच. आजी दुःखात आहे पण पाणी वाया चाललंय हेही तिला ठाऊक आहे. शहरातल्या वाचकाला ते वाक्य जादा वाटेल, आमच्याकडच्याला त्याच वाक्यात आबा गेलेले कळतील.

मास्तर_अमळनेर

केळीवाल्यांशी सहमत. काढायचंच असेल तर ‘आबांच्या’ काढून बघा. ‘खाटेच्या उशाशी’ एवढंच. कोणाची खाट ते वाचकाने शोधावं.

फैजपूरकर

मास्तर, तेवढं नका काढू. आधीच्या परिच्छेदात खाटेचा उल्लेख नसेल तर घोटाळा होईल. मोघमपणाने भावना वाढत नाही, वाचक फक्त मागे जाऊन पुन्हा वाचतो.

सध्या_पुण्यात

एक शंका राहिलीच. व्हॉट्सॲपवर रोज आईवरच्या पोस्टी फिरतात. ‘आई गेल्यावर कळतं’ छापाच्या. भाषा तीच घासलेली, आणि माझ्या आत्याच्या डोळ्यांत खरंच पाणी येतं. मग ती भाषा निकामी कशी म्हणायची?

लेवाची_लेक (जळगाव)

आत्याला तिची आई आठवते, पोस्टमधली नाही. पोस्ट नुसती दारावरची कडी वाजवते. त्यातही वाईट काही नाही, पण ते श्रेय लिहिणाऱ्याचं नाही. आत्याला विचारा, परवाच्या पोस्टमधली आई कशी होती? सांगता येणार नाही. आणि श्यामची आई कशी होती विचारा, अर्धा तास सांगेल.

पांझरा (धुळे)

@तापीकाठ, मग अंकात केळीवाल्यांची नळ्यांची गोष्ट घेताय ना? आणि पाचोऱ्याच्या भाऊंचा व्हरांडा?

तापीकाठ (भुसावळ)

दोघांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. केळीवाले म्हणाले, कांदेबागेची (म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची) लागवड आटपली की लिहितो. कोर्टाची_पायरी यांनी नावाशिवाय छापायच्या अटीवर होकार दिला, गावं-नातीही बदलून देणार आहेत. मूळ उताऱ्याच्या लेखकाला हा धागा पाठवला. त्याचं उत्तर आलं की बॅटरी घेतो, पण ‘दुःखाचा डोंगर’ राहू द्या, घरच्यांना तो आवडलाय.

खापरपुरी (चोपडा)

😂 राहू द्या हो एक डोंगर. सातपुडा जवळच आहे.

केळीवाला_रावेर

सगळा वेळ रडण्यावरच गेला. माणसाला हसवायला भाषा काय करते त्यावर कोणी बोललंच नाही. आमच्या पारावर एकजण आहे, चेहरा न हलवता बोलतो आणि लोक पोट धरून लोळतात. तेच वाक्य मी घरी सांगितलं तर बायको विचारते, मग पुढे काय झालं?

मास्तर_अमळनेर

हास्य हा भरताच्या आठांतलाच रस आहे, त्यामुळे हक्काने वेगळा धागा काढा. इथे आता माझ्या मोबाईलवर पान उघडायलाच वेळ लागतोय.